दिवसांचा हिशेब

गर्भपात मागणाऱ्या बाईला काही दिवस सक्तीने थांबवायचे, असा नियम जर्मनीत आहे आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांतही आहे. फ्रान्सने तो २०१६ साली काढून टाकला. बाईने पुरता विचार केलेला नसतो, हे त्यामागचे गृहीत. बाईविषयीच्या असल्या गृहीतांची झडती बुलडाण्यात १८८२ सालीच घेतली गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्राने त्यानिमित्ताने समस्त बायकांच्या चालचलनावर तोंडसुख घेतले. बुलडाण्याच्या कचेरीतले हेडक्लार्क बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या ताराबाई यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्याला उत्तर दिले. पुनर्विवाहाची वाट अडवणारे आणि फसवणारे पुरुष मोकळे, शिक्षा मात्र एकट्या बाईला, हा त्यांचा सवाल. त्यांनी गर्भपाताचा हक्क मागितलेला नाही आणि तो त्यांच्या तोंडी घालणे गैर ठरेल. पण विजयालक्ष्मीसारखीपुढे कायद्याने वाट तरी कोणती ठेवली होती? १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३१२ नुसार गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत कैद, पोटात जीव हलू लागल्यावर सात; स्वतः गर्भ पाडणारी बाईही गुन्हेगार. दिवस लोटतील तसा गुन्हा वाढत जाई. १९७१ च्या कायद्याने दार उघडले, तरी आठवडे मोजणे सोडले नाही: बारापर्यंत एक डॉक्टर, पुढे विसापर्यंत दोन. २०२१ च्या दुरुस्तीने या मर्यादा पुढे सरकल्या, पण मोजणी राहिलीच. ज्या कायद्यात प्रत्येक आठवड्याला किंमत आहे, तिथे सक्तीची थांबणूक निरुपद्रवी असूच शकत नाही. आपल्या कायद्यात ती नाही, हे त्याचे मोठे शहाणपण आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाईला घाट चढून बुलडाण्याला यायचे, तर एक रोज बुडतो. ‘विचार करून या’ म्हणून परत पाठवले की दुसरा रोज, दुसरे एसटीभाडे आणि घरी द्यायला दुसरे निमित्त.

यावरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. मुलगी नको म्हणून सासरचे दडपण आणत असतील, तर थांबण्याने बाईला सावरायला अवधी मिळणार नाही का? मला ते पटत नाही. दडपण ज्या घरातून येते, त्याच घरात तिला आपण पुन्हा धाडतो. गर्भलिंग तपासणी हा रोग आहे, हे ओळखूनच महाराष्ट्राने १९८८ साली तपासणीवर कायदा केला आणि केंद्राने १९९४ साली. जाब सोनोग्राफी करून लिंग सांगणाऱ्याला विचारायला हवा. दडपणाची शंका असेल, तर डॉक्टरने नातेवाइकांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलावे. सज्ञान बाईच्या बाबतीत कायद्याला तिच्याखेरीज कुणाचीच संमती लागत नाही. हे बोलणे त्याच दिवशी, त्याच खोलीत होऊ शकते.