परवलीचा शब्द आणि पंचाचा कौल

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांची चार कुटुंबे एखाद्या शनिवारी एकत्र जमली, जेवणे आटोपली, की भेंड्या सुरू होतात. आणि भेंड्या सुरू झाल्या की भांडणही सुरू होते. पद 'ळ' वर संपले. आता 'ळ' ने आरंभ होणारे पद आणावयाचे कोठून? मग 'ल' चालेल असे एक पक्ष म्हणतो, उपान्त्य अक्षर घ्या असे दुसरा म्हणतो, आणि एरवी कचेरीत लाखांच्या मागण्यांवर शांतपणे सही करणारी माणसे एका अक्षरासाठी हमरीतुमरीवर येतात. शेवटी मंडळींतले कोणी वडीलधारे निकाल देतात. तो कोणालाच पटत नाही; पण तेवढ्यात कॉफी येते आणि प्रकरण दप्तरदाखल होते.

येथे पणाला काही लागलेले नसते म्हणून हे निभते. हाच वाद हजारो डॉलर पणाला लावून लक्षावधी प्रेक्षकांच्या देखत झाला, तर पंचाची काय अवस्था होईल? अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर हा प्रयोग १९६१ सालापासून पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. शब्द ओळखण्याचे ते खेळ, त्यांतील पंच आणि त्यांचे वादग्रस्त कौल हा विषय वरवर पोरखेळाचा वाटेल. आम्हांसही प्रथम तसाच वाटला होता. परंतु खोलात शिरता असे दिसले की, शब्द म्हणजे काय आणि शुद्ध भाषा कोणाची, हे पंडितांचे प्रश्न तेथे घड्याळाच्या काट्यावर सोडवावे लागत होते.

या खेळांत पंच आला कोठून हे समजण्यास थोडे मागे जावे लागते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांनी धुमाकूळ घातला होता. 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमात डिसेंबर १९५६ मध्ये हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकास विचारले गेले की, १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक कोणाला मिळाले? उत्तर होते 'मार्टी'. ते त्याला पक्के ठाऊक होते. तरी निर्मात्यांनी सांगितल्याप्रमाणे त्याने 'ऑन द वॉटरफ्रंट' असे चुकीचे उत्तर दिले, आणि चार्ल्स व्हॅन डोरेन हे कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक देशाचे लाडके झाले. पंचाचा कौल बिनचूक होता. खोटे होते ते बाकीचे सगळे! २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेन यांनी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे आपणांस उत्तरे आधी पुरविली जात असल्याची कबुली दिली. १९६० साली अशी लबाडी हा गुन्हा ठरविणारा कायदा झाला. कार्यक्रमांवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र खाती प्रक्षेपण कंपन्यांत बसली, आणि बक्षिसांचे आकडे एकदम खाली आले.

या पोळलेल्या वातावरणात २ ऑक्टोबर १९६१ रोजी सी. बी. एस. कंपनीने 'पासवर्ड', म्हणजे परवलीचा शब्द, हा खेळ सुरू केला. निर्माते मार्क गुडसन व बिल टॉडमन. कल्पना बॉब स्ट्यूअर्ट यांची. सूत्रधार ॲलन लडन. दोन जोड्या असत. प्रत्येकीत एक नामांकित नट वा नटी आणि एक सामान्य नागरिक. परवलीचा शब्द जोडीतल्या एकास ठाऊक असे; त्याने एकच सूचक शब्द उच्चारावयाचा आणि साथीदाराने मूळ शब्द ओळखावयाचा. पहिल्याच सूचनेत ओळखला तर दहा गुण. चुकला तर पाळी दुसऱ्या जोडीकडे, आणि दर चुकीगणिक एक गुण कमी. पंचवीस गुण झाले की डाव जिंकला. मग साठ सेकंदांत पाच शब्द, दर शब्दास पन्नास डॉलर. निवेदक हलक्या आवाजात प्रेक्षकांना शब्द कळवी. म्हणजे घरोघरी बसलेल्या मंडळींस उत्तर आधीच ठाऊक! जुन्या कार्यक्रमांत लपून जे चालले होते, ते येथे राजरोस करून त्याचीच गंमत केली होती. हा खेळ लोकांना का आवडला याचे निम्मे उत्तर आम्हांस येथेच दिसते.

पण त्यामुळेच पंचाचे काम कठीण झाले. प्रेक्षकाला शब्द ठाऊक, सूचनाही ऐकू आलेली; मग न्यायनिवाडा तो घरबसल्या करणारच. १९६२ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने या खेळाची घरगुती पेटी बाजारात आणली, तेव्हा तर वाद दिवाणखान्यांत पोहोचला. कार्यक्रमाकरिता 'शब्दांचे अधिकारी' नेमले होते. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड ग्रीन हे एक, आणि 'वर्ल्ड बुक' कोशाच्या संपादकवर्गातील डॉ. रीझन गुडविन हे दुसरे. सूचक शब्द नियमबाह्य वाटला की बझर वाजे आणि संधी हुके. बझरला कारण सांगता येत नाही. इंग्रजीत 'रीझन' म्हणजे कारण. असे नाव धारण करणाऱ्या विद्वानास कारण न देता निकाल द्यावा लागे, हा नशिबाचा विनोद म्हणावयाचा! आम्हां सरकारी माणसांना हे विशेष खुपते. साधा रजेचा अर्ज नामंजूर करावयाचा तरी सकारण आदेश लिहावा लागतो.

नियम वाचावयास सोपे होते. सूचना एकाच शब्दाची हवी. तो शब्द खरोखरीचा हवा, बनविलेला नको. आणि परवलीच्या शब्दाचे कोणतेही रूप वा अंश त्यात नको. परंतु इंग्रजीत 'एक शब्द' म्हणजे काय? 'आइसबॉक्स' हा जोडून लिहितात म्हणून एक शब्द. 'आइस क्रीम' तोडून लिहितात म्हणून दोन. आणि 'आइस-कोल्ड' मध्ये आडवी रेघ घालतात म्हणून तो धड एक नाही, धड दोन नाही. तोंडाने बोलताना तिन्ही सारखेच! बोलण्याच्या खेळाचा निकाल लिहिण्याच्या रिवाजावर ठरावयाचा, ही मूळचीच विसंगती. बोलणाऱ्याच्या कानाला जो एकच शब्द, तो कोशकाराच्या डोळ्याला दोन दिसे. शिवाय स्वर होता. साथीदाराकडे पाहून पहिला शब्द लांबवीत, अर्धवट टांगून ठेवला, की जोडशब्दाचा उरलेला भाग तो आपोआप पुरा करी. शब्द एक, पण सूराने सांगितलेले कितीतरी अधिक. या सुराला कोणत्या कोशात जागा आहे?

आणि कोशांचीच त्या वेळी काय दशा होती पाहा. 'पासवर्ड' सुरू होण्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर १९६१ च्या अखेरीस, फिलिप गोव्ह यांनी संपादिलेला वेब्स्टरचा तिसरा महाकोश प्रसिद्ध झाला. साडेचार लाख शब्दांचा तो ग्रंथ. लोक जसे बोलतात तसे नोंदविणे हे कोशाचे काम, कसे बोलावे हे शिकविणे नव्हे, अशी त्याची भूमिका होती. 'नाही' या अर्थाचे 'एन्ट' हे रूप शाळामास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या लाल शाईने खोडलेले. ते पुष्कळ सुशिक्षितांच्याही बोलण्यात येते असे कोशाने नमूद केले मात्र, वृत्तपत्रे खवळून उठली. 'न्यूयॉर्क टाइम्स' ने अग्रलेखात कोशाची हजेरी घेतली. अमेरिकन हेरिटेज या प्रकाशनसंस्थेने तर कोश मागे घेता यावा म्हणून मूळ कंपनीच विकत घेण्याचा घाट घातला. तो साधला नाही, तेव्हा १९६९ मध्ये स्वतःचा कोश काढला आणि शब्दप्रयोगांवर मत देण्यास शंभराच्या आसपास लेखक-विद्वानांची पंचायत बसविली. आपल्याकडे त्याच सुमारास, १९६२ साली, साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने मान्य केले आणि न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना रजा मिळाली. तेव्हा पत्रापत्रांतून उडालेला धुरळा ज्यांनी पाहिला, त्यांस अमेरिकेतील गदारोळ परका वाटणार नाही.

तेव्हा स्थिती अशी की, देशातील सर्वांत मोठा कोश 'आम्ही न्यायाधीश नव्हे, कारकून आहोत' असे सांगत होता, आणि त्याच ऋतूत दूरचित्रवाणीने एका विद्वानाला न्यायासनावर बसवून हाती बझर दिला होता. लोकांना कारकून नको होता, न्यायाधीशच हवा होता, असे आमचे मत आहे. गुडविन यांच्या कौलांवर लोक रागावत. परंतु असे आसनच नको, असे म्हणणारा क्वचितच.

१९६७ मध्ये सी. बी. एस. वरील खेळ थांबला, १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे पुन्हा सुरू झाला, आणि १९७९ मध्ये 'पासवर्ड प्लस' या नावाने तिसऱ्यांदा अवतरला. या तिसऱ्या अवतारात सूचक म्हणून सरळ विरुद्धार्थी शब्द देण्यास बंदी घालण्यात आली. हेतू रास्त होता. 'दिवस' म्हटले की 'रात्र' सुचणारच. त्यात कौशल्य ते काय? पण नियम करणाऱ्यांनी आपल्या प्राथमिक शाळेतील विरुद्धार्थी शब्दांची यादी आठवली असती, तर ते दचकले असते. गरम आणि थंड यांच्यामध्ये कोमट आहे, तरी ते विरुद्ध. नवरा आणि बायको हे विरुद्ध की पूरक? ऊन व सावली? राजाच्या विरुद्ध राणी, प्रजा की रंक? भाषाशास्त्रज्ञ यांचे निरनिराळे वर्ग पाडतात आणि त्यावर सावकाश ग्रंथ लिहितात. पंचाला मात्र सूचना कानावर पडताक्षणी बोट दाबावयाचे की नाही, ते ठरवावे लागे. विरोध हा शब्दांत नसून वापरणाऱ्याच्या मनात असतो. त्यामुळे दोन सारख्या वाटणाऱ्या सूचनांपैकी एक चालली, दुसरी अडली, असे घडणे अटळच होते.

बॉब स्ट्यूअर्ट तोवर स्वतःच्या कंपनीत गेले होते. २६ मार्च १९७३ रोजी त्यांनी 'दहा हजार डॉलरचा पिरॅमिड' उभा केला. सूत्रधार डिक क्लार्क. अखेरच्या फेरीत साथीदार फलकाकडे पाठ करून बसे. फलकावर वस्तूंचे वर्ग लिहिलेले. सांगणाऱ्याने फक्त वस्तूंची यादी द्यावयाची आणि साथीदाराने वर्ग ओळखावयाचा. साठ सेकंदांत सहा वर्ग. हातवारे निषिद्ध, त्यासाठी खुर्चीला मनगटे अडकविण्याचे पट्टे होते! व्याख्या चालणार नाही, वर्गनामातील शब्द चालणार नाही, त्याचा समानार्थीही चालणार नाही. समजा, वर्ग आहे 'टोकदार वस्तू'. सुई, काटा, भाला ही यादी झाली. 'बाभळीचा काटा' म्हटले तर? अजून यादीच. 'पायात रुततो तो' म्हटले, की वर्णन झाले आणि बझर. यादी कोठे संपते आणि वर्णन कोठे सुरू होते, ती रेघ पंचाच्या मनात. आणि एक वर्ग बाद झाला की मोठे बक्षीस गेले.

तरीही या खेळातील निकालांविषयी कडवटपणा आम्हांस कमी आढळतो. जुन्या मुद्रणांत फेरी संपल्यावर क्लार्क फलकापाशी जाऊन, काय चुकले आणि काय म्हणता आले असते, हे हरलेल्याला समजावून देताना दिसतात. त्याहून महत्त्वाचे, पंचाची चूक मागाहून ध्यानी आली तर स्पर्धकास परत बोलावून खेळण्याची संधी देत, आणि ही गोष्ट प्रेक्षकांसमोर सांगत. अपिलाची सोय असली की कनिष्ठ न्यायालयाचा चुकीचा निकालही माणूस सोसतो. कचेरीत जन्म घालविलेल्यांस हे वेगळे सांगावयास नको.

याउलट नियम निव्वळ अक्षरशः लावला की काय होते, हे १९७५ पासून चालू असलेल्या 'व्हील ऑफ फॉर्च्युन' ने वारंवार दाखविले. मर्व्ह ग्रिफिन यांच्या या खेळात फलकावरील झाकलेली अक्षरे एकेक उघडीत पूर्ण वाक्यांश ओळखावयाचा असतो. डिसेंबर २०१२ मध्ये उत्तर होते नाताळच्या एका गाण्यातील सात पोहणाऱ्या हंसांचा उल्लेख. एका स्पर्धक बाईंनी तो बरोबर ओळखला, पण शेवटचा शब्द 'स्विमिंग' न म्हणता 'स्विमिन' असा उच्चारला. निर्णय: चूक. शेवटचे व्यंजन गाळले, असे सूत्रधार पॅट सेजॅक यांनी सांगितले, आणि पुढच्या स्पर्धकाने तेच उत्तर 'ग' सह देऊन बाजी मारली. अमेरिकेच्या दक्षिणेत लाखो लोक हे व्यंजन रोज गाळतात, आणि त्यांस कोणी अडाणी म्हणत नाही. नागपूरचा मनुष्य पुण्यात येऊन बोलू लागला म्हणजे जे स्मित ओठांवर उमटते, त्याचीच ही डॉलरमधली आवृत्ती. 'एन्ट' वरून १९६१ साली पेटलेला वाद अर्ध्या शतकानंतर एका अनुनासिकावर येऊन थांबला होता.

२०१४ मध्ये एका विद्यार्थ्यापुढे ग्रीक वीराच्या नावासह सगळा वाक्यांश उघडा होता; केवळ वाचावयाचा होता. त्याने 'अकिलीज' ऐवजी 'अचिलस' असे वाचले आणि ते उत्तर बाद झाले. येथे आमची सहानुभूती थोडी कमी पडते, हे कबूल केले पाहिजे. २०२१ च्या आरंभी चार माशांची नावे ओळखताना एकाने सवयीने शेवटच्या नावाआधी 'आणि' घातला. फलकावर 'आणि' नव्हता, म्हणून उत्तर बाद. चार नावे सांगताना 'आणि' न घालणारा मनुष्य आम्ही तरी पाहिलेला नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अखेरच्या फेरीत एका बाईंसमोर मोटारगाडी होती. त्यांनी आधी शेवटचा शब्द चुकविला, क्षणभर थांबल्या आणि मग बरोबर शब्द उच्चारला. सर्व शब्द सलग आले पाहिजेत; मध्ये थोडी उसंत चालते, पण ही फार लांबली, असा निर्णय झाला आणि गाडी गेली. प्रेक्षकांत इतका क्षोभ उसळला की, ऑडी कंपनीने आपण होऊन बाईंना गाडी दिली. कार्यक्रमाचा निर्णय मात्र कायम राहिला. फलकावरील त्या वाक्यांशाचा मराठीत अर्थ होतो: 'योग्य शब्द निवडणे'.