वाड्याच्या छपराखालचा धर्मग्राम

महोत्सवाच्या अंकांत देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं दिली, वेदी कोणत्या सालीं उभी राहिली, ह्याचा हिशेब देण्याची आपली चाल आहे, व ती योग्यच आहे. परंतु ज्या मंडळीस दोनशें तीस वर्षांहून अधिक काळ उघडपणें देऊळ बांधण्याची, घंटा वाजविण्याची, किंबहुना आपल्या धर्मगुरूस धर्मगुरू म्हणून हांक मारण्याचीहि मुभा नव्हती, तिनें आपला हिशेब कोठें ठेवावा? अशा एका मंडळीची हकीकत येथें सांगावयाची आहे. तिचा आपल्या मराठी भाषेशीं जो धागा जुळतो, तो पुढें ओघानें येईल.

इंग्लंडांतील ऑक्सफर्डशायर परगण्यांत, हेन्ली गांवापासून कांहीं मैलांवर, चिल्टर्न टेकड्यांच्या एका खोलगट घडींत ‘स्टोनर पार्क’ नांवाचा जुना वाडा आहे. स्टोनर घराणें तेथें आठशें वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. सन १९८७ सालच्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ ह्या जेम्स बाँडच्या बोलपटासाठीं ह्या वाड्याचें चित्रण झालें. पडद्यावर तो इंग्रज सरकारच्या हेरखात्याचें गुप्त निवासस्थान म्हणून दिसतो. गंमत अशी कीं, चारशें वर्षांपूर्वीं ह्या वाड्यांत खरोखरच माणसें लपून राहत असत. मात्र तेव्हां हेर सरकारचे होते, आणि वाड्यांतील माणसें त्यांच्यापासून लपत होतीं. कोणी ह्या वाड्याचा व त्याच्या मंडळीचा खरा माहितीपट काढील, तर त्यानें आपला कॅमेरा दिवाणखान्यांत फार वेळ रेंगाळूं न देतां स्वयंपाकघर, तबेला आणि माळा ह्यांकडे न्यावा, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

वाड्यास लागूनच पवित्र त्रैक्याचें लहानसें चॅपेल आहे. गारगोटीच्या व दगडाच्या ह्या इमारतीस विटांचा मनोरा जोडलेला आहे. तो सन १४१६-१७ च्या सुमाराचा. चॅपेलाच्या एका कोपऱ्याखालीं प्रागैतिहासिक काळच्या शिलावर्तुळांतील एक प्रचंड धोंडा पायांत बसविलेला आहे. मध्ययुगापासून तेथें कॅथलिक उपासना चालत आली आहे, आणि इंग्लंडांत असें सांगूं शकणारीं ठिकाणें अगदीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं आहेत.

ही उपासना कोणत्या किंमतीस टिकली, तें पाहिलें पाहिजे. सन १५५९ च्या कायद्यानें रविवारीं सरकारी प्रॉटेस्टंट देवळांत गैरहजर राहणारास दर वेळीं बारा पेन्स दंड ठरला. सन १५८१ मध्यें तोच दंड महिन्यास वीस पौंडांवर नेला. त्या काळीं एखाद्या कारागिराची सबंध वर्षाची कमाईहि इतकी नसे. सन १५८५ पासून परदेशीं दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूनें इंग्लंडांत पाऊल ठेवणें हा राजद्रोह ठरला, आणि त्याला आसरा देणारासहि देहांत शिक्षा सांगितली गेली. अनेक घराणीं ह्या भाराखालीं वांकलीं. कुटुंबप्रमुखानें सरकारी देवळांत हजेरी लावावयाची व बायकोनें घरीं जपमाळ ओढावयाची, अशी तडजोड पुष्कळांनीं केली. त्यांस भ्याड म्हणणें आपणांस सोपें आहे, कारण आपणांकडून कोणी वीस पौंड मागत नाहीं.

सन १५८१ च्या वसंतांत स्टोनरच्या वाड्यांत गुपचूप एक छापखाना येऊन दाखल झाला. त्या वेळीं तेथें डेम सिसिली स्टोनर ही बाई राहत होती. छापखान्याची व्यवस्था येशूसंघी फादर रॉबर्ट पर्सन्स ह्यांची, आणि छपाईचें काम स्टीफन ब्रिंकली ह्या गृहस्थाकडे. पुस्तक होतें फादर एडमंड कँपियन ह्यांचें ‘डेसेम रॅशियोनेस’, म्हणजे ‘दहा कारणें’. कँपियन हे एके काळीं ऑक्सफर्डचे नामांकित विद्वान. सन १५६६ मध्यें त्यांनीं खुद्द राणी एलिझाबेथपुढें वादविवाद केला होता. पुढें येशूसंघांत जाऊन ते सन १५८० मध्यें जवाहिऱ्याचा वेष घेऊन मायदेशीं परतले. ह्या लॅटिन पुस्तकाच्या सुमारें चारशें प्रती निघाल्या. फादर विल्यम हार्टले ह्यांनीं त्या ऑक्सफर्डला नेल्या, आणि ता. २७ जून रोजीं विद्यापीठाच्या समारंभासाठीं विद्वान मंडळी सेंट मेरीच्या देवळांत जमली, तों बाकाबाकांवर हीं पुस्तकें पडलेलीं!

ह्यानंतर तीन आठवड्यांच्या आंत कँपियन पकडले गेले. परंतु स्टोनरला नव्हे, बर्कशायरमधील लायफर्ड ग्रेंज ह्या दुसऱ्या एका कॅथलिक वाड्यांत. पकडून देणारा जॉर्ज एलियट हा पूर्वीं कॅथलिक घरांतूनच चाकरीस होता. लायफर्डचा आचारी त्याच्या जुन्या ओळखीचा निघाला. त्या भोळ्या माणसानें त्याला आपला समजून मिस्साबलिदानास आंत घेतलें. एवढ्या एका ओळखीवर सारें फिरलें. भिंतीमागील चोरकप्प्यांतून कँपियनांस बाहेर काढण्यांत आलें, लंडनच्या किल्ल्यांत त्यांचे हाल करण्यांत आले, आणि ता. १ डिसेंबर १५८१ रोजीं टायबर्न येथें त्यांस फांशीं देण्यांत आलें. सन १९७० मध्यें पोपमहाशयांनीं त्यांस संतपदीं चढविलें.

लायफर्डच्या ह्या आचाऱ्याकडे पाहिलें म्हणजे स्टोनरच्या नोकरचाकरांची थोरवी ध्यानांत येते. छापयंत्राचा खडखडाट, कागदाचीं ओझीं, अनोळखी पाहुण्यांचीं जास्तीचीं ताटें, हें सर्व स्वयंपाकघरांत व तबेल्यांत कळल्यावांचून राहिलें असेल काय? तरीहि पुस्तक बाहेर पडेपर्यंत गुपित फुटलें नाहीं. मग मात्र ता. ४ ऑगस्ट रोजीं वाड्यावर धाड आली. छापयंत्र जप्त झालें. ब्रिंकली, त्याचे मदतनीस, फादर हार्टले आणि सिसिलीबाईंचा मुलगा जॉन स्टोनर ह्यांस धरून नेण्यांत आलें. हार्टले ह्यांस पुढें सन १५८८ मध्यें फांशी झाली. मालकांचीं नांवें इतिहासानें जपून ठेविलीं आहेत. ज्यांनीं ताटें वाढलीं, त्यांचीं नाहींत.

आतां तो आपला धागा. अशाच घरांच्या आश्रयानें फिरणारा थॉमस पाउंड नांवाचा एक हँपशायरचा श्रीमंत गृहस्थ होता. सन १५७५ च्या अगोदर कांहीं काळ त्याच्याबरोबर एक तरुण, वरकरणीं नोकराच्या वेषांत, हिंडत असे. दोघांनीं मिळून रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावयाचा बेत ठरविला. पण ऐन निघण्याच्या वेळीं पाउंड पकडला गेला. त्याचीं पुढचीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांतच गेलीं. कँपियन इंग्लंडांत उतरल्यावर त्यांनीं आपलें प्रसिद्ध आव्हानपत्र ह्या तुरुंगवासी पाउंडच्याच हवालीं केलें होतें. आणि तो नोकराच्या वेषांतील तरुण? तो एकटाच रोमला पोहोंचला, ता. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला, आणि पुढें मराठींत ‘क्रिस्तपुराण’ लिहिता झाला. हेच आपले फादर थॉमस स्टीफन्स!

स्टोनरचा छापखाना चालू होता, तेव्हां फादर स्टीफन्स ह्यांना गोव्यांत येऊन दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. त्यांच्या देशबांधवांस जें चोरून छापावें लागलें, तशाच श्रद्धेचा ग्रंथ पस्तीस वर्षांनीं, सन १६१६ मध्यें, राचोलच्या छापखान्यांत राजरोस छापला गेला. हा फरक सत्तेचा होता. गोव्यांत सत्ता आपल्या बाजूस होती, आणि त्याच सत्तेनें साष्टींतील हिंदूंचीं मंदिरें सन १५६७ मध्यें पाडून त्यांच्या उपासनेवर बंदी घातली होती. स्टोनरची कथा सांगतांना हें झांकून ठेवणें सचोटीचें होणार नाहीं. वेषांतर करून घरोघर हिंडलेल्या फादर स्टीफन्सांनीं मात्र येथील लोकांच्या भाषेची व ओवीची कांस धरली.

स्टोनरच्या मंडळीचे पुढचे दिवस रक्तसाक्ष्यांचे नव्हते. ते दंडाचे, कर्जाचे व विकल्या जाणाऱ्या जमिनींचे होते. असा काळ बोलपटांत दाखवितां येत नाहीं, कारण त्यांत घडत कांहींच नाहीं. पिढ्यानपिढ्या मुलांस सरकारी नोकरीची दारें बंद, आणि रविवार आला कीं चॅपेलांत तेंच मिस्साबलिदान. सन १७९१ च्या कायद्यानें नोंदलेल्या चॅपेलांतून उघड उपासनेस परवानगी मिळाली. त्याच दशकांत स्टोनरचें चॅपेल गॉथिक धाटणीनें नव्यानें सजविण्यांत आलें व खिडक्यांस रंगीत कांचा आल्या. सन १८२९ च्या कायद्यानें कॅथलिकांस पार्लमेंटचें दार मोकळें झालें.

त्या चॅपेलांत आज क्रुसाच्या वाटेचीं लांकडीं चित्रें आहेत. तीं दुसऱ्या महायुद्धांत योझेफ यानास नांवाच्या एका पोलिश युद्धकैद्यानें कोरलीं, आणि कॅथलिक कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन ह्यांनीं तीं स्टोनरला दिलीं. पलीकडे वाड्याच्या माळ्यावर कँपियनांची म्हणून दाखविली जाणारी खोली आहे. ती छपराच्या अगदीं लगत आहे.