सनस्क्रीन : औषध की प्रसाधन?

बेमोट्रिझिनॉल हे नाव उच्चारायला अवघड, पण रेणू मोठा कामाचा. सूर्यप्रकाशातील दोन प्रकारचे अतिनील किरण आपल्या त्वचेपर्यंत पोचतात. त्यांपैकी २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्हीबी किरणांनी त्वचा भाजते. ३२० ते ४०० नॅनोमीटरचे यूव्हीए किरण त्वचेत अधिक खोल शिरतात. बेमोट्रिझिनॉल दोन्ही शोषून घेतो आणि उन्हात स्वतः फारसा विघटित होत नाही. युरोपात त्याला २००० साली परवानगी मिळाली. अमेरिकेतील सनस्क्रीनमध्ये मात्र पुढची पंचवीस वर्षे तो घालता आला नाही. कातडी दोन्हीकडे माणसाचीच. फरक कायद्यातील व्याख्येचा.

अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यानुसार रोग टाळण्यासाठी वापरायची वस्तू म्हणजे औषध. त्यामुळे सनस्क्रीन तेथे औषध ठरले. युरोपात (आणि भारतातही) ते प्रसाधनांत मोडते. पुढे थॅलिडोमाइडचे प्रकरण घडले. या औषधामुळे युरोपात हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत ते विक्रीस आले नाही, कारण अन्न व औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली. १९६२ मध्ये कायदा कडक झाला : औषध सुरक्षित असून भागणार नाही, ते गुणकारी असल्याचेही सिद्ध केले पाहिजे.

मग आधीपासून बाजारात असलेल्या औषधांचे काय? डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांची घटकवार तपासणी १९७२ मध्ये सुरू झाली. सनस्क्रीनविषयीचा पहिला मसुदा १९७८ चा आणि १६ घटकांची यादी १९९९ ची. एकवीस वर्षे! परदेशातील वापराचा दाखला देऊन यादीत शिरण्याची वाट २००२ मध्ये खुली झाली. आठ घटकांसाठी अर्ज आले, पण निर्णय लागेना. अखेर २०१४ मध्ये संसदेने खास कायदा करून मुदती घातल्या. तेव्हा २०१५ मध्ये उत्तर मिळाले : आठही घटकांची माहिती अपुरी.

हा निव्वळ लालफितीचा कारभार म्हणावा, तर तसेही नाही. २०१९ मध्ये प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी २४ स्वयंसेवकांच्या अंगाला दिवसातून चार वेळा, चार दिवस सनस्क्रीन लावून रक्त तपासले. एव्होबेंझोन, ऑक्सिबेंझोन यांसह चारही घटक मिलिलिटरमागे अर्ध्या नॅनोग्रॅमहून अधिक आढळले. रक्तात सापडणे म्हणजे अपाय होणे नव्हे. पण त्या मर्यादेपलीकडे अधिक चाचण्या हव्यात, हे म्हणणे वाजवी आहे.

गैर वाटते ते निराळेच. त्याच वर्षीच्या प्रस्तावात १६ पैकी झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायॉक्साइड हे दोनच घटक निःशंक मान्य झाले. दोन नाकारले गेले आणि बारांविषयी जादा माहिती मागितली गेली. ती येईपर्यंत ते बारा दुकानांत राहिले आणि बेमोट्रिझिनॉल बाहेर. त्याचा रेणुभार सुमारे ६२८, तर ऑक्सिबेंझोनचा २२८. रेणुभार ५०० च्या वर गेला की रेणू सहसा त्वचेतून आत जात नाहीत. म्हणजे शरीरात शिरण्याची शक्यता ज्याची कमी, तोच ताटकळत राहिला!

२०२० मध्ये कोविडकाळातील एका मोठ्या कायद्यात ही कार्यपद्धती बदलली. त्यानंतर बेमोट्रिझिनॉलसाठी नव्याने अर्ज झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्रशासनाने त्याला यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला, कमाल प्रमाण ६ टक्के. युरोपात ही मर्यादा १० टक्के आहे.