कराराने जोडलेला विदर्भ

डिसेंबर लागला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्सचा नूर पालटतो. आमदार निवासाला रंग चढतो, मुंबईहून फायलींचे गठ्ठे येतात आणि विधानभवनाकडे निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात. एक-दोन आठवड्यांत सगळे आवरते आणि सरकार परतते. मुंबईचे पाहुणे हुर्डा खायला येतात, हा टोमणा इथे जुनाच आहे. पण विधिमंडळाचे हे हिवाळी अधिवेशन म्हणजे नागपूरवर कुणी केलेली मेहरबानी नव्हे. ते एका कराराचे कलम आहे, आणि वेगळ्या विदर्भाचा वाद समजून घ्यायचा तर त्या कराराच्याही मागे जावे लागते.

विदर्भ हाही मुळात एकजिनसी प्रदेश नाही. 1853 साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी काढून घेतला. नागपूर 1861 मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाले, तर वऱ्हाड त्याला प्रशासकीयदृष्ट्या जोडला गेला तो 1903 मध्ये. वैनगंगेच्या बाजूला मालगुजारी, वऱ्हाडात रयतवारी. तिकडे धान, इकडे कापूस. या दोन भागांना एकत्र आणले ते हिंदीभाषक जिल्ह्यांचे वर्चस्व असलेल्या प्रांतातल्या समान तक्रारीने. 1 ऑक्टोबर 1938 रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव संमत केला. संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली 1946 मध्ये. म्हणजे विदर्भाची मागणी महाराष्ट्रातून फुटण्यासाठी जन्मलीच नव्हती. तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हते.

पुढे मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही हाक जोर धरू लागली, तेव्हा विदर्भातले नेते अटी घेऊन बसले. ऑगस्ट 1947 च्या अकोला करारात संयुक्त महाराष्ट्राचे पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, दोघांची वेगळी विधिमंडळे आणि मंत्रिमंडळे अशी तडजोड होती. ती कागदावरच राहिली. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने अटी सौम्य केल्या. विकासाच्या निधीत, सरकारी नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ, ठरावीक काळ सरकारचा मुक्काम आणि वर्षातून निदान एक अधिवेशन.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या या आयोगापुढे लोकनायक बापूजी अणे आणि विदर्भकेसरी ब्रिजलाल बियाणी यांनी वेगळ्या राज्याची बाजू मांडली. सप्टेंबर 1955 च्या अहवालात आयोगाने ती मान्य केली. आठ जिल्हे, सुमारे 76 लाख लोकवस्ती आणि शिलकीचा खजिना असलेले हे राज्य चालेल, असे त्याचे मत होते. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत ‘एक भाषा, एक राज्य’ याचा अर्थ एका भाषेचे एकच राज्य असा होत नाही, हे बजावले. मराठी मुलुखासाठी त्यांनी मुंबई शहराखेरीज पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी तीन राज्ये सुचवली होती. पूर्वेचे राज्य म्हणजे हेच आठ जिल्हे.

दिल्लीने दोघांचेही ऐकले नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरची गादी गेली. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. दोनच वर्षांनी बापूजी अणे नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. 1971 मध्ये त्याच जागेवर विदर्भवादी जांबुवंतराव धोटे जिंकले.

यानंतर वादाची भाषा बदलली. अस्मितेच्या जागी ‘अनुशेष’ आला. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये जिल्हा हे एकक धरून रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे आहे, हे रुपयांत मांडले. एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस. उरलेला, म्हणजे सदतीस टक्क्यांहून अधिक, उर्वरित महाराष्ट्राचा. हा शेवटचा आकडा सभांमध्ये क्वचितच ऐकू येतो.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाले. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा होता. पुढे खर्च हजारो कोटींवर गेला आणि अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे उद्दिष्ट दशके लांबले. वेगळ्या राज्याचे समर्थक हे मुंबईच्या अनास्थेचे उदाहरण म्हणून सांगतात. विरोधक विचारतात, वसंतराव नाईक अकरा वर्षे मुख्यमंत्री होते, मारोतराव कन्नमवार, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीसही विदर्भाचेच; मग अडले कुठे? प्रश्न रास्त आहे. मात्र मुख्यमंत्री कुठला यापेक्षा निधीवाटपाचा नियम कोण मोडतो आणि त्याला जाब कोण विचारतो, हे अधिक महत्त्वाचे.

नागपूर करार न्यायालयात बजावता येत नाही. त्याला घटनेचा जो काही आधार मिळाला, तो कलम 371(2) मधून. समन्यायी निधीवाटपाची विशेष जबाबदारी त्यातून राज्यपालांवर सोपवता येते. त्यासाठीची वैधानिक विकास मंडळे व्हायला 1994 उजाडले आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत मुदतवाढीविना संपली. राज्य अखंड ठेवायचे म्हणणाऱ्यांनीच ती मुदत संपू दिली, हे विदर्भवाद्यांच्या कोणत्याही भाषणापेक्षा अखंड महाराष्ट्राला अधिक महाग पडणारे आहे.