ग्राफीन नॅनोरिबन म्हणजे काय? विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात तिचं काय होतं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून तो मेसेज येतोच : ‘सिलिकॉन विसरा, ग्राफीन चिपचा मोबाइल येतोय!’ मागच्या वेळी मामेभावाने विचारलं, “दादा, नवीन फोन घ्यायला थांबू का?” मी म्हटलं, थांबू नकोस, घेऊन टाक. का, ते सांगतो.

पेन्सिलच्या शिशात ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बनचे एकावर एक थर. त्यातला एकच, अणूएवढ्या जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला आणि २०१० चं नोबेल मिळवलं. यात इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर वेगाने पळतात.

मग घोडं अडतं कुठे? ट्रान्झिस्टर हे एक बटण आहे : चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. बंद होण्यासाठी पदार्थात ‘बँड गॅप’ हवी, म्हणजे वाहू लागण्याआधी इलेक्ट्रॉनला चढावी लागणारी ऊर्जेची पायरी. सिलिकॉनमध्ये ती सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, ग्राफीनमध्ये शून्य. नळ आहे, पण पूर्ण बंद होत नाही. मी कोड लिहिणारा माणूस. ज्यात ‘फॉल्स’च नाही अशा बूलियनचं मी काय करू?

पट्टी कापली की गॅप उघडते

ग्राफीनची काही नॅनोमीटर रुंद पट्टी म्हणजे नॅनोरिबन. आडव्या दिशेने जागाच नसल्यामुळे इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जाच घेता येतात आणि गॅप तयार होते. पट्टी जितकी अरुंद, तितकी गॅप मोठी. कोलंबिया विद्यापीठातल्या फिलिप किम यांच्या गटाने २००७ मध्ये हे मोजून दाखवलं.

पण खरी गंमत कडेला आहे. षटकोनी जाळी एका दिशेने कापली तर ‘आर्मचेअर’ कड मिळते, दुसऱ्या दिशेने कापली तर ‘झिगझॅग’. आर्मचेअर पट्टीत अणूंची एक ओळ कमी-जास्त झाली तरी गॅप बदलते. झिगझॅगमध्ये काही इलेक्ट्रॉन कडेलाच बसतात, आणि गणितानुसार दोन्ही कडांचे स्पिन एकमेकांच्या उलट असतात.

विद्युत क्षेत्र

बर्कलीच्या सोन, कोहेन आणि लुई यांनी २००६ मध्ये गणिताने दाखवलं की झिगझॅग पट्टीला आडवं विद्युत क्षेत्र लावलं, तर एका स्पिनची गॅप मिटत जाते आणि दुसऱ्याची टिकते. म्हणजे पट्टीतून एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन वाहतील. चुंबक न लावता! मला या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच.

चुंबकीय क्षेत्र

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरू लागतो आणि त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या पडतात. त्यांना लँडाउ पातळ्या म्हणतात. या फिरण्याचं माप १ टेस्लाला सुमारे २६ नॅनोमीटर, १० टेस्लाला सुमारे ८. पट्टी त्याहून खूप अरुंद असेल, तर गोल पूर्ण होण्याआधीच इलेक्ट्रॉन कडेला धडकतो. त्यामुळे १ नॅनोमीटरहून अरुंद पट्टीला दवाखान्यातल्या ३ टेस्लाच्या एमआरआयमध्ये ठेवलं, तरी तिला फारसा फरक पडणार नाही.

दोन्ही क्षेत्रं एकमेकांना काटकोनात लावली तर? चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमधल्या लुकोस, शंकर आणि बास्करन यांनी २००७ मध्ये ग्राफीनसाठी हे गणित मांडलं. विद्युत क्षेत्र वाढवत नेलं की लँडाउ पातळ्या जवळ येतात आणि एका मर्यादेला कोसळतात. १ टेस्लाला ही मर्यादा साधारण मायक्रोमीटरमागे १ व्होल्ट येते.

मग फोनमध्ये का नाही?

कोरून काढलेल्या पट्टीची कड खडबडीत राहते आणि वरचं सगळं गणित तर कडेवरच उभं आहे. २०१० मध्ये स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या संशोधकांनी सोन्याच्या पृष्ठभागावर रेणू जोडून अणूगणिक नेमक्या कडेच्या पट्ट्या बनवल्या. पण सोनं स्वतःच वीज वाहून नेतं. त्यामुळे त्या पट्ट्या उचलून दुसऱ्या पृष्ठभागावर ठेवाव्या लागतात, एका दिशेने लावाव्या लागतात, प्रत्येकीला दोन टोकांना जोडणी द्यावी लागते. आणि फोनच्या एका प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर असतात अब्जावधी.