घंटा झाल्यानंतरची गोष्ट

परवा नातीने माझ्यापुढे तीन डब्या मांडल्या. "आजोबा, सी व्हिटॅमिनची यातली कुठली घेऊ? चघळायची गोळी, पाण्यात फसफसणारी की पावडर?" मला माझा इतिहासाचा तास आठवला आणि थोडी लाजच वाटली.

शाळेत मी जेम्स लिंडची गोष्ट मोठ्या झोकात सांगायचो. १७४७ साली 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर त्याने स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, असं प्रत्येकीला वेगळं काही. एका जोडीला मात्र रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण त्यातला एक जण कामावरसुद्धा रुजू झाला! इथे घंटा व्हायची. मुलं खूश, मीही खूश.

पुढचं मी निवृत्तीनंतर वाचलं. फळं टिकत नाहीत म्हणून खुद्द लिंडनेच रस तासन्‌तास तापवून त्याचा पाक करायला सुचवलं होतं. त्या तापवण्यात आणि साठवण्यात सी जीवनसत्त्व बरंचसं नाहीसं व्हायचं. म्हणजे सापडलेलं औषध बाटलीत भरताना हरवलं! नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडलं. लिंड आदल्याच वर्षी वारला होता.

तरी धडा पुरता शिकले नाहीतच. १८६० नंतर नौदलाने भूमध्य समुद्राकाठची मोठी पिवळी लिंबं सोडून वेस्ट इंडीजची, आपल्या कागदी लिंबाच्या जातीची लिंबं घेतली. त्या रसात जीवनसत्त्व जेमतेम पाव हिस्सा. १८७५ साली आर्क्टिकला गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत हा रस जहाजावर असूनही स्कर्व्ही झाला. नाव 'लिंबूरस'च, पण गुण तो नव्हे.

१९३३ मध्ये हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार झालं, आणि त्याचा रेणू फळातल्यासारखाच, तंतोतंत.

म्हणून नातीला म्हटलं, "बाळा, तिन्ही डब्यांत औषध तेच आहे. आकार पाहू नकोस, डबीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाच. फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं, ती माझ्यासारख्या रक्तदाबवाल्याला नको. चघळायची गोळी आंबट, दातांना चिकटते, तेव्हा नंतर चूळ भर. आणि रोज पेरू खाल्लास तर यातलं काहीच लागणार नाही."

ती हसली आणि पेरू घेऊन गेली.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांना एवढंच सांगतो, गुरुजींनी तेव्हा अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली ही घ्या.