‘ओल्ड’ म्हणजे किती जुना?

ओल्ड इंग्लिश शीपडॉग या नावातले तिन्ही शब्द आम्हांस थोडे संशयास्पद वाटतात. डोळ्यांवर आलेली झुलपे, करड्या-पांढऱ्या केसांचा ढीग आणि अस्वलासारखी डुलती चाल पाहून ही जात प्राचीन असावी असा भास होतो खरा. पण एकोणिसाव्या शतकाच्या मागे तिचा माग नीट लागत नाही. पूर्वजांचा शोध घेताना काही जाणकार स्कॉटलंडच्या दाढीवाल्या कॉलीकडे बोट दाखवतात, तर काही थेट रशियापर्यंत जातात. तेव्हा ‘इंग्लिश’चेही तसेच.

आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो तिसरा शब्द. हा कुत्रा कुरणात मेंढ्या राखण्यापेक्षा मेंढरांचे आणि गुरांचे कळप बाजारापर्यंत हाकत नेण्याच्या कामाचा. लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराला असे कळप दूरदूरच्या परगण्यांतून पायी येत. या कामकरी कुत्र्याची शेपूट छाटत, म्हणून तो ‘बॉबटेल’. शेपूट नसलेला कुत्रा कामाचा, सबब करमुक्त, अशी 1796 च्या श्वानकराशी जोडलेली एक कथा सांगतात. कथा म्हणून ती आम्हांस आवडते. पुरावा म्हणून तिच्यावर भार टाकू नये. मेंढ्यांची लोकर कातरताना याचेही केस कातरून टाकीत, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे आगगाडी आली. जनावरे डब्यांतून जाऊ लागली आणि 1855 मध्ये स्मिथफील्डचा जिवंत जनावरांचा बाजारही बंद झाला. 1873 मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात या जातीचे तीन कुत्रे मांडले गेले, तेव्हा परीक्षकाने पहिले बक्षीस कोणालाच दिले नाही. 1888 मध्ये जातीचे स्वतंत्र मंडळ निघाले. कातर गेली, कंगवा आला. ज्याला आपण याचे सनातन रूप समजतो, ते असे बेकारीत वाढलेले केस आहेत.

1961 पासून डुलक्स रंगाच्या जाहिरातींनी हे रूप घरोघरी नेले. पॉल मॅकार्टनीच्या मार्थेनेही त्याला प्रसिद्धी दिली. नंतर शहरी घरांना इतके केस विंचरणे झेपेना. वर्षाला तीनशेहून कमी पिलांची नोंद होऊ लागली, तशी ब्रिटनच्या केनेल क्लबने ही जात संकटग्रस्त देशी जातींच्या यादीत घातली. तिला वाचवावे, हे आम्हांस मान्य आहे. मात्र वाचवायचा तो कातरलेला कुत्रा की विंचरलेला, हे आधी ठरवावे लागेल. दरम्यान 2007 मध्ये इंग्लंडात शोभेसाठी शेपूट छाटण्यास कायद्याने बंदी आली आणि ‘बॉबटेल’ची नवी पिले शेपटीसकट वाढू लागली.